नौदलात इंजिन रूम मेकॅनिक व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भरतीच्या जाहिरातीत वय, उंची, टक्केवारी आणि पगार सगळं मिळतं. डेकखाली उतरल्यावर दिवस कसा जातो, ते मात्र तिथे सापडत नाही. मी भारतीय नौदलाच्या इंजिनिअरिंग शाखेतून सेलर म्हणून निवृत्त झालो. बारावीची मुलं-मुली, आयटीआय केलेले तरुण आणि त्यांचे आईवडील जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. भरतीचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज भरताना ताजी जाहिरात वाचायचीच.

इंजिन रूम मेकॅनिक नेमकं काय करतो?

जहाज पुढे नेणारं इंजिन चालू ठेवणं हे त्याचं पहिलं काम, पण तेवढंच नाही. जहाजावरची वीज डिझेल अल्टरनेटरवर तयार होते, त्यातलं डिझेल इंजिन आपल्याकडे. समुद्राच्या खाऱ्या पाण्यापासून पिण्याचं पाणी करणारा प्लांट आपल्याकडे. एसी, भाजी-मांस ठेवायची कोल्ड रूम, हवेचे कॉम्प्रेसर, रडर (सुकाणू) फिरवणारं स्टीअरिंग गिअर, आग विझवण्याचे पंप, इंधन आणि वंगणाच्या टाक्या, तेलातला गाळ आणि पाणी काढणारे प्युरिफायर, जहाजाच्या तळात साचणारं बिल्जचं पाणी, ही सगळी कामं याच शाखेची.

एसी बंद पडला तर माणसांना घाम फुटतो हे सगळ्यांना कळतं. पण रडार आणि शस्त्रांच्या इलेक्ट्रॉनिक्सलाही थंडावा लागतो. थंड पाणी थांबलं की थोड्याच वेळात ती यंत्रणाही बंद करावी लागते. म्हणून ज्याला लोक ‘एसीवाला’ म्हणतात, त्याच्या हातात जहाजाची लढण्याची ताकद असते. हे मी नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगायचो.

थेट ‘इंजिन मेकॅनिक’ म्हणून अर्ज करता येतो का?

नाही. २०२२ पासून सेलरची भरती अग्निपथ योजनेतून होते. अर्ज ‘अग्निवीर एसएसआर’साठी (सिनिअर सेकंडरी रिक्रूट, म्हणजे बारावीवरची भरती) करायचा. तुम्हाला इंजिनिअरिंग मिळेल, इलेक्ट्रिकल मिळेल, की तोफा, रडार, संदेशवहन यांपैकी काही, हे नौदल ठरवतं. प्रशिक्षणातली कामगिरी आणि त्या वेळची गरज बघून शाखा दिली जाते. आवड सांगता येते, हट्ट करता येत नाही. ‘इंजिन मिळालं तरच जाईन’ असं ज्याच्या मनात असेल, त्याने आधीच नीट विचार करावा.

इथे एक गैरसमज फार आढळतो. दहावीवर होणारी ‘एमआर’ (मॅट्रिक रिक्रूट) भरती ही स्वयंपाकी, स्टुअर्ड आणि स्वच्छतेच्या कामांसाठी असते. त्या वाटेने इंजिन रूममध्ये जाता येत नाही.

शिक्षण काय लागतं? माझा आयटीआय झालाय, चालेल?

एसएसआरसाठी गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन बारावी, किमान ५० टक्के गुण. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, ऑटोमोबाईल यांसारख्या शाखेचा तीन वर्षांचा डिप्लोमाही चालतो. वय साडेसतरा ते एकवीसच्या दरम्यान आणि अविवाहित.

नुसत्या आयटीआयवर एसएसआर होत नाही. पण म्हणून युद्धनौकेच्या इंजिनाला हात लावता येणार नाही असं समजू नका. मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डमध्ये अप्रेंटिस स्कूल आहे. तिथे आयटीआय झालेल्या मुलांना फिटर, डिझेल मेकॅनिक, वेल्डर अशा ट्रेडमध्ये घेतात. गणवेश नसतो, समुद्रावर जावं लागत नाही, पण जहाज दुरुस्तीला आलं की तीच इंजिनं तुमच्या हाताखालून जातात. ज्याला यंत्राची ओढ आहे पण घर सोडून समुद्रावर राहायची नाही, त्याच्यासाठी मला ही वाट जास्त बरी वाटते. माझगाव डॉक आणि गोवा शिपयार्डही अप्रेंटिस घेतात.

शारीरिक चाचणी कितपत कठीण?

मुलांसाठी १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत, मुलींसाठी आठ मिनिटांत. शिवाय उठाबशा, पुशअप आणि सिटअप. रोज पळणाऱ्याला जड नाही. मुलं अडकतात ती बहुधा वैद्यकीय तपासणीत. डोळे, रंग ओळखणं, कानातला मळ किंवा पडद्याला भोक, सपाट तळपाय. अर्ज भरण्याआधी जवळच्या डॉक्टरकडून हे तपासून घ्या.

प्रशिक्षण कुठे होतं?

आधी ओडिशात, चिल्का सरोवराच्या काठावरच्या आयएनएस चिल्का या नौदल तळावर. तिथे सुमारे चार महिने कवायत, पोहणं, शिस्त आणि नौदलाची तोंडओळख. त्यानंतर शाखेप्रमाणे वेगवेगळ्या ठिकाणी पाठवतात आणि इंजिनिअरिंगवाले येतात लोणावळ्याला, आयएनएस शिवाजीवर.

पावसाळ्यात भुशी डॅमकडे जाणाऱ्या हजारो लोकांनी या तळाची भिंत बघितलेली असते, आत काय चालतं ते मात्र ठाऊक नसतं. १५ फेब्रुवारी १९४५ रोजी, इंग्रजांच्या काळात, हा तळ सुरू झाला आणि आज तो नौदलाच्या मरीन इंजिनिअरिंगचं मुख्य शिक्षणकेंद्र आहे. ब्रीदवाक्य ‘कर्मसु कौशलम्’. अधिकारी आणि सेलर दोघंही इथेच शिकतात. वर्गात थर्मोडायनॅमिक्स, वर्कशॉपमध्ये फायलिंग, लेथ, वेल्डिंग, पंप उघडून पुन्हा बसवणं आणि चालू इंजिनांवर सराव. फायलिंगला मुलं कंटाळतात. लोखंडाचा तुकडा काटकोनात घासत बसायचं, मोजायचं, पुन्हा घासायचं. पण पुढे समुद्रात सुटा भाग मिळत नाही आणि एखादा बुश किंवा शिम हाताने बनवावा लागतो, तेव्हा हाच सराव कामाला येतो.

आग आणि पाणी यांच्याशी लढायचं शिक्षणही इथेच मिळतं. सिम्युलेटरमध्ये जहाजाचा कप्पा बनवलेला असतो. तो हलतो, अंधार होतो, भिंतीतल्या फटींतून जोराने पाणी आत येतं आणि तुम्ही लाकडाचे टेकू, पाचरी आणि पॅड लावून ते थांबवायचं असतं. नौदलासाठी असे सिम्युलेटर गोवा शिपयार्डने बांधले आहेत. मी तर म्हणेन, संपूर्ण प्रशिक्षणातला सगळ्यात मोलाचा भाग हाच.

इंजिन रूम प्रत्यक्षात कशी असते?

गरम आणि गोंगाटाची. एसी असलेल्या कंट्रोल रूममधून दार उघडून आत पाऊल टाकलं की आधी उष्णता अंगावर येते, मग आवाज. उन्हाळ्यात अरबी समुद्रात पाणीच कोमट असतं, त्यामुळे आतला पारा चाळिशीच्या वर जाणं नेहमीचं. वाफेच्या जहाजांवर बॉयलर रूममध्ये याहून जास्त. बोलणं ऐकू येत नाही, सगळं हाताच्या खुणांनी. जिने उभे आणि अरुंद, पायाखाली लोखंडी जाळी, डोक्याशी पाइप. नवीन माणसाच्या कपाळाला आणि नडगीला सुरुवातीचे काही महिने खुणा असतातच.

पण आधुनिक जहाजावर माणूस चोवीस तास तिथेच उभा नसतो. बहुतेक वेळ मशिनरी कंट्रोल रूममध्ये पडद्यांसमोर जातो. तापमान, दाब, फेरे, टाक्यांची पातळी हे सगळं तिथे दिसतं आणि इंजिनही तिथूनच चालवता येतं. ठरलेल्या वेळाने मात्र खाली उतरून राउंड घ्यावा लागतो.

तो राउंड म्हणजे या पेशाचा गाभा. सेन्सर जिथे बसवलाय तिथलंच सांगतो. पाइपच्या जोडावर ओल आलीय, पंपाच्या ग्लँडमधून थेंबाऐवजी धार लागलीय, एखाद्या बोल्टभोवती काळं तेल चमकतंय, बेअरिंगला हात लावला तर कालच्यापेक्षा किंचित जास्त गरम लागतंय, आवाजात एक बारीक खरखर आलीय. हे पडद्यावर दिसायच्या आधी माणसाला कळतं, पण त्या माणसाने रोज लक्ष देऊन बघितलं असेल तरच. काही जण लॉगबुकात मागच्या तासाचेच आकडे उतरवून काढतात. अशा माणसाला मी कधी जवळ केलं नाही. खोटा आकडा लिहिलेलं लॉगबुक कोऱ्या लॉगबुकापेक्षा घातक, कारण पुढचा वॉचवाला (पुढच्या पाळीचा माणूस) त्यावर विश्वास ठेवतो.

समुद्रावर दिवस कसा जातो?

वॉचप्रमाणे. माणसं पुरेशी असतील तर चार तास काम, आठ तास वॉचबाहेर. पण ते आठ तास मोकळे नसतात. त्यात देखभालीची कामं, साफसफाई, आगीचा सराव, जेवण, कपडे आणि झोप बसवायची. रात्री बारा ते चारच्या वॉचला मिडल वॉच म्हणतात आणि ती सगळ्यांच्या वाट्याला येते. संध्याकाळी चार ते आठचे दोन तुकडे करतात, प्रत्येकी दोन तासांचे. त्यामुळे रोज पाळी सरकते आणि एकाच माणसाला कायम मिडल वॉच लागत नाही. माणसं कमी असली तर सहा तास काम, सहा तास विश्रांती असंही चालतं. मग आठवड्याचे वार विसरायला होतात.

झोप तुकड्यातुकड्यांत घेता आली पाहिजे. ज्याला सलग आठ तास झोपल्याशिवाय चालत नाही, त्याला पहिलं वर्ष जड जातं. नंतर सवय होते.

सगळ्या जहाजांवर इंजिन सारखंच असतं का?

अजिबात नाही, आणि म्हणून हा पेशा कंटाळवाणा होत नाही.

गोवा शिपयार्डमध्ये बांधलेली सरयू वर्गाची गस्ती जहाजं डिझेलवर चालतात. कामोर्टा वर्गाच्या कॉर्व्हेटवर (छोट्या युद्धनौकेवर) चार डिझेल इंजिनं आहेत. माझगाव डॉकने बांधलेल्या विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिकांवर चार गॅस टर्बाइन आहेत, युक्रेनी बनावटीची. शिवालिक आणि नव्या निलगिरी वर्गाच्या फ्रिगेटवर (मध्यम आकाराच्या युद्धनौकेवर) दोन्ही आहेत, सावकाश जाताना डिझेल आणि जोरात पळायचं असेल तेव्हा गॅस टर्बाइन. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला नौदलात दाखल झालेली नवी विमानवाहू विक्रांत चार एलएम २५०० गॅस टर्बाइनवर चालते. हे मूळचं विमानाचं इंजिन, जहाजासाठी बदललेलं. ते बंद पेटीत बसवलेलं असतं आणि जहाजावर कुणी ते खोलत बसत नाही. मोठा दोष आला तर अख्खं टर्बाइन काढून दुसरं बसवतात आणि जुनं ओव्हरहॉलला किनाऱ्यावर जातं. रशियन आणि युक्रेनी टर्बाइनसाठी विशाखापट्टणमला आयएनएस एकसिला हा खास तळ आहे.

आणि मग वाफ. विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर आठ बॉयलर आहेत. वाफेच्या जहाजावर शिकलेला माणूस वेगळाच तयार होतो, कारण तिथे एक गोष्ट दुसरीवर अवलंबून असते. बॉयलरमधल्या पाण्याची पातळी, तेलाचा दाब, हवा, कंडेन्सरमधली निर्वात पोकळी, सगळ्याचा तोल माणसाने राखायचा. अति तापवलेली वाफ डोळ्यांना दिसत नाही. बारीक छिद्रातून सुटली तर फक्त शिट्टीसारखा आवाज येतो, आणि तिच्या वाटेत हात गेला तर हाड उघडं पडेल. वाफेच्या जहाजांवरचे जुने लोक अशी गळती शोधताना पुढे झाडूचा दांडा धरून चालत. वाफेची जहाजं आता थोडीच उरली आहेत. तुम्हाला तशी नेमणूक मिळाली तर तक्रार करू नका.

भर समुद्रात इंजिन बिघडलं तर?

दुरुस्त करायचं. टोइंग व्हॅन येत नाही. युद्धनौकेवर बहुतेक यंत्रं जोडीने किंवा चाराने असतात, म्हणून एक बंद ठेवून दुसऱ्यावर जाता येतं. तोवर बंद पडलेलं खोलायचं, दोष शोधायचा, सुटा भाग असेल तर बदलायचा, नसेल तर बनवायचा. जहाज डुलत असताना जड सिलिंडर हेड साखळी पुलीवर उचलायचं म्हणजे पाच-सहा जणांनी एका मनाने काम करायचं असतं.

नौदलाच्या इतिहासातलं एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. १९७१ च्या युद्धाआधी पहिल्या विक्रांतच्या बॉयलरच्या ड्रमला तडे सापडले होते. चारपैकी एक बॉयलर वापरता येत नव्हता आणि जहाजाचा वेग त्यामुळे बराच घटला होता. विमानवाहू जहाजासाठी वेग म्हणजे जीव, कारण विमान उडायला डेकवरून वारा वाहावा लागतो आणि नैसर्गिक वारा पडला तर तो जहाजाच्या वेगातूनच मिळतो. तरी विक्रांत बंगालच्या उपसागरात गेली. ४ डिसेंबरपासून तिच्यावरच्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बझार, चित्तगाव आणि आसपासच्या बंदरांवर हल्ले चढवले आणि पूर्व पाकिस्तानचा समुद्रमार्ग बंद केला. वैमानिकांचं नाव झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण उरलेल्या बॉयलरवर ते जहाज पळवत ठेवणारी माणसं खाली होती, त्यांनी आभाळही पाहिलं नसेल. नंतर ही विक्रांत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, तुमच्यापैकी कुणाच्या आईवडिलांनी शाळेच्या सहलीत ती पाहिलीही असेल.

धोका किती आहे? (हा प्रश्न नेहमी आईच विचारते.)

आहे, आणि तो लपवणं बरोबर नाही. गरम पृष्ठभाग, दाबाखालचं इंधन, फिरती यंत्रं आणि बंद जागा एकत्र आल्या की आगीची शक्यता कायम असते. २६ एप्रिल २०१९ रोजी विक्रमादित्य कारवार बंदरात शिरत असताना तिच्या इंजिन विभागात आग लागली. लेफ्टनंट कमांडर डी. एस. चौहान यांनी पुढे होऊन ती विझवण्याचं काम केलं आणि धुराने गुदमरून त्यांचा मृत्यू झाला. जहाज वाचलं. जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या डॉकयार्डमध्ये दुरुस्तीला उभ्या असलेल्या ब्रह्मपुत्रा या युद्धनौकेवर आग लागली, जहाज एका अंगावर कललं आणि एका नौसैनिकाचा जीव गेला. युद्धाचं तर विचारायलाच नको. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री खुकरी ही युद्धनौका बुडाली तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ सेलर तिच्यासोबत गेले. अशा वेळी डेकखालच्या माणसाला वर यायला सगळ्यात कमी वेळ मिळतो.

म्हणूनच सराव इतका होतो. आग दिसली की ओरडून कळवायचं, इंधन तोडायचं, हवेचे पंखे बंद करायचे, मग फोम. आटोक्यात येत नसेल तर सगळी माणसं बाहेर काढून, मोजून, दारं बंद करून आग विझवणारा गॅस सोडायचा. मोजणी चुकली तर आत राहिलेला माणूस त्या गॅसने मरतो. आग विझवायला वापरलेलं पाणी कप्प्यात साचत गेलं तर तेच जहाजाचा तोल घालवू शकतं, हेही शिकवतात. सुटकेचा श्वसनसंच कुठे टांगलाय आणि बाहेर पडायची दुसरी वाट कोणती, हे डोळे बांधून सांगता आलं पाहिजे. नव्या जहाजावर गेलात की पहिल्याच दिवशी ही वाट स्वतः चालून बघा, कुणी सांगायची वाट बघू नका.

कानांवर परिणाम होतो का?

होतो, काळजी घेतली नाही तर नक्की होतो. एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. मफ (कान झाकणारं कव्हर) घाला, गरज पडेल तिथे आत प्लग आणि वर मफ. ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणून उघड्या कानांनी आत जायची सवय लागली की काही वर्षांत कानात सतत शिट्टी वाजायला लागते. माझ्या बरोबरीच्या बऱ्याच जणांना आज टीव्हीचा आवाज मोठा लागतो.

बोट लागते का?

सुरुवातीला बहुतेकांना लागते. इंजिन रूम जहाजाच्या खालच्या आणि मधल्या भागात असल्याने तिथे हेलकावा वरच्या मजल्यांपेक्षा कमी जाणवतो. पण उष्णता आणि डिझेलचा वास त्यात भर घालतात. कोरडं काहीतरी खात राहा, पोट रिकामं ठेवू नका, आणि वॉच चुकवू नका. पावसाळी समुद्रात जुने लोकही गप्प होतात.

मुलींना इंजिन रूममध्ये काम मिळतं का?

हो. अग्निपथपासून नौदलाने पहिल्यांदाच महिला सेलर घ्यायला सुरुवात केली. मार्च २०२३ मध्ये चिल्कावरून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत २७३ मुली होत्या. नव्या विक्रांतवर महिलांसाठी राहण्याची वेगळी सोय मुळापासूनच आराखड्यात आहे. जड वस्तू उचलायला साखळी पुली आणि सोबती असतात, एकट्याच्या ताकदीवर तिथे कुणीच काम करत नाही. राउंड नीट घेणं, हाताची सफाई आणि वेळेवर तोंड उघडून ‘हे बरोबर वाटत नाही’ म्हणणं, यात मुलगा-मुलगी असा फरक नसतो.

पगार किती?

अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, मग ३३,०००, ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. यातले ३० टक्के सेवानिधीसाठी कापले जातात. म्हणजे हातात पहिल्या वर्षी २१,००० आणि चौथ्या वर्षी २८,०००. सरकार तेवढीच रक्कम निधीत घालतं. चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतात, त्यावर प्राप्तिकर नाही. सेवाकाळात ४८ लाखांचं विमा संरक्षण, हप्ता भरावा लागत नाही. राहणं, जेवण, कपडे, औषधपाणी नौदलाकडे. वर्षाला ३० दिवस रजा. लागू असतील ते भत्ते वेगळे.

चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. घरी हे आधीच स्पष्ट बोला. ‘नौदलात लागला’ म्हटलं की गावात आयुष्यभराची नोकरी समजतात आणि पुढे गैरसमज होतात.

चार वर्षांनी ठेवतील का?

प्रत्येक तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना नियमित सेवेत घेतलं जातं, पुढची १५ वर्षं. तिथून लीडिंग, पेटी ऑफिसर, चीफ पेटी ऑफिसर, मास्टर चीफ अशी चढण असते. निवड गुणवत्तेवर होते, पण चांगलं काम करूनही चारातल्या तिघांना बाहेर पडावं लागणार हे गणित स्वच्छ आहे.

त्यामुळे माझं मत असं. ही चार वर्षं शिकण्याची, पगारासह, असं धरूनच जा. राहिलात तर उत्तम. बाहेर आलात तर तुमच्या हातात असं काम असलं पाहिजे की ज्याला बाजारात किंमत आहे. त्या दृष्टीने इंजिनिअरिंग शाखा ही बाकीच्या अनेक शाखांपेक्षा उजवी. तोफ चालवणाऱ्याला बाहेर तोफ मिळत नाही. डिझेल, पंप, कॉम्प्रेसर, चिलर आणि बॉयलर मात्र प्रत्येक औद्योगिक वसाहतीत आहेत.

बाहेर नेमकी कोणती कामं मिळू शकतात?

रुग्णालयं, मोठी हॉटेलं आणि डेटा सेंटर यांना जनरेटर आणि चिलर चोवीस तास सांभाळणारी माणसं लागतात. वीजनिर्मिती केंद्रं, साखर कारखान्यांचे सहवीज प्रकल्प, रिफायनऱ्या आहेत. बॉयलर चालवायला स्वतंत्र प्रमाणपत्र लागतं, त्याची परीक्षा राज्य सरकार घेतं. संरक्षण मंत्रालयाच्या नागरी पदांत, तटरक्षक दलात आणि संरक्षण क्षेत्रातल्या सरकारी कंपन्यांत अग्निवीरांसाठी १० टक्के जागा राखीव ठेवण्याची घोषणा २०२२ मध्ये झाली. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतही तेव्हा १० टक्के जाहीर झाले होते.

मर्चंट नेव्हीत जायचं असेल तर सीडीसी हे खलाशी पुस्तक आणि सुरक्षेचे अनिवार्य कोर्स करावे लागतात. नौदलाचा अनुभव मोजला जाईल अशा योजना बंदरे, जहाज वाहतूक आणि जलमार्ग मंत्रालयाने अग्निवीरांसाठी जाहीर केल्या आहेत. पण बाहेर कुणीही तोंडी अनुभव ऐकून घेत नाही. कोणत्या यंत्रावर किती काळ काम केलं, कोणते कोर्स झाले, याची कागदपत्रं सेवेत असतानाच गोळा करा आणि प्रती घरी पाठवा. इग्नूची पदवी आहे, तिच्यात सेवेतल्या प्रशिक्षणाचे निम्मे श्रेयांक धरले जातात. पहिल्याच वर्षी नाव घाला.

मग सरळ मर्चंट नेव्हीतच का जाऊ नये?

पैसा मुख्य असेल तर जरूर जा. तिथे करारावर काम, पगार जास्त, पण कोर्सचा खर्च आपला आणि पहिली नोकरी मिळवणं कठीण. नौदलात शिकवण्याचे पैसे घेत नाहीत, उलट देतात. कामातही फरक आहे. मालवाहू जहाजाचं मोठं इंजिन एका लयीत दिवसेंदिवस चालतं. युद्धनौकेचं इंजिन एका हुकमावर थांबतं, एका हुकमावर पूर्ण वेग घेतं, आणि तिथे आग व बुडण्याशी लढायची तयारी हा रोजचा भाग असतो.

पाणबुडीवर जाता येतं का?

स्वेच्छेने. वैद्यकीय कसोटी कडक, प्रशिक्षण विशाखापट्टणमला आयएनएस सातवाहनवर. भत्ता जास्त, जागा फारच कमी, अंघोळीच्या पाण्याचीही काटकसर. बंद जागेची जराशीही भीती असेल तर या वाटेला जाऊ नका.

घरी फोन करता येतो का? लग्नाचं काय?

बंदरात असताना येतो. समुद्रात नेटवर्क नसतं आणि जहाज कुठे आहे हे सांगायचंही नसतं. घरच्यांनी ‘माझा मुलगा आज अमुक बंदरात’ असं स्टेटस ठेवायचं नाही, ही गोष्ट खरोखर गंभीर आहे. चार वर्षांच्या सेवेत लग्न करता येत नाही. नियमित सेवेत गेल्यावर कुटुंबासाठी क्वार्टर मिळतात, मुंबईत थोडं थांबावं लागतं.

आतापासून काय तयारी करू?

भौतिकशास्त्रातले उष्णता आणि दाब हे धडे नीट समजून घ्या, पाठ करू नका. पोहायला शिका. विहिरीत, नदीत, कुठेही, पण जाणत्या माणसाबरोबर. सुट्टीत गॅरेजमध्ये किंवा मोटारपंप दुरुस्त करणाऱ्याकडे महिनाभर बसा. तेलाने हात माखल्यावर कसं वाटतं ते तिथेच कळेल, आणि ते आवडलं नाही तर चार वर्षं वाया जाण्याआधी कळलेलं बरं. हिंदी बोलायची भीड काढा. मेस डेकवर केरळपासून हरयाणापर्यंतची मुलं एकत्र राहतात.

एजंट म्हणतो, पैसे दिले तर इंजिनिअरिंग शाखा मिळवून देतो. खरं का?

खोटं. परीक्षा संगणकावर होते, निकाल गुणवत्ता यादीने लागतो आणि शाखा प्रशिक्षणात ठरते, ती बाहेरच्या कुणाच्या हातात नसते. नौदलाच्या अधिकृत भरती संकेतस्थळावर भरायच्या परीक्षा शुल्काखेरीज कुठेही एक रुपया द्यायचा नाही. पैसे मागितले तर जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. तुमच्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथे माजी सैनिक भेटतात आणि ते फुकट माहिती देतात.